म्हादईतली बेटे

१ नोव्हेंबर, शनिवार. निपाणी
काळा दिवस. हे सकाळीच काळी फीत लावून बाहेर पडले. बेळगावच्या फेरीला जाणार होते. तासाभरात बसस्टँडवरून परत. "गर्दी लई आहे," म्हणाले.
यांचा जन्म १९५६चा. त्याच वर्षी आजच्या तारखेला आम्हाला म्हैसूर राज्यात घातलं. कळायला लागल्यापासून फेरी चुकवलेली नाही. गर्दीला हा माणूस कधीपासून भ्यायला लागला?

३ नोव्हेंबर, सोमवार
बेळगाव. डोळ्यांचा दवाखाना. एका यंत्रात तोंड घालून बसायचं, कुठं ठिपका लुकलुकला की बटण दाबायचं. मी दाराच्या फटीतून बघत होते. कितीतरी वेळ बटणाचा आवाजच आला नाही.
दाब उजवीकडे २६, डावीकडे २४. दोन तऱ्हेचे थेंब. पुढची तारीख २४.
गेलेलं परत येत नाही, आहे ते राखायचं, असं डॉक्टर म्हणाले. हे "बरं" म्हणाले. परतीच्या गाडीत 'तरुण भारत' काढला आणि संकेश्वरपर्यंत वाचत बसले. बारीक टायपातल्या निविदासुद्धा. मला काही उमगेना.

४ नोव्हेंबर
चहाचा कप हाताशीच ठेवला होता. सांडला. दोघंही काही बोललो नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
जेवताना एकदम म्हणाले, "दिवाडी बघायची."
सासूबाई सांगायच्या, आपलं मूळ दिवाडीचं. पाद्र्यांच्या भयानं देव पाटीत घालून रातोरात नदी ओलांडली वगैरे. आमच्या ओळखीत निम्म्या घरांत हीच गोष्ट आहे. ही सगळी घरं खरोखर दिवाडीत राहत असती तर बेट तेव्हाच बुडालं असतं.
"कधी जायचं?" म्हणलं.
"ह्याच महिन्यात. लांबवायचं नाही."

८ नोव्हेंबर
भाचा कोल्हापुरातून यायला तयार आहे, गाडी चालवायला. फोन ठेवल्यावर यांनी खिळ्यावरची चावी काढून माझ्याकडे दिली. आजवर गाडीला दुसऱ्याचा हात लागू दिलेला नाही.

९ नोव्हेंबर
थेंब सकाळी आठ, रात्री आठ. कॅलेंडरवर खुणा करते. बाटली थंड ठेवायची आहे. प्रवासात कशी ठेवायची?

१३ नोव्हेंबर, गुरुवार. पणजी
पहाटे निघालो. तवंदी घाट, संकेश्वर, बेळगाव. शहापुरात कुंदा घेतला. कुणासाठी ते ठरलेलं नाही, पण बेळगाव ओलांडून रिकाम्या हातानं जायचं नाही. थेंबांची बाटली थर्मासात, बर्फाच्या दोन खड्यांवर.
जांबोटीनंतर रान दाट. कणकुंबीला उतरलो. माऊलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम. पाणी निघतं एवढंसं, पण पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळतं आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. ह्याच डोंगरात थोडं पलीकडे पडलेला पाऊस म्हादईत जातो, पश्चिमेला. म्हादईही आमच्याच जिल्ह्यातली, खानापूर तालुक्यातल्या देगावच्या रानातली. गोव्यात उतरली की तिची मांडवी होते.
म्हादईला जाणारं कळसा नाल्याचं पाणी मलप्रभेकडे वळवायचं, त्यासाठी इथं खणून ठेवलं आहे. लवादानं २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं. गोवा सुप्रीम कोर्टात. खानापूरची माणसं म्हणतात, पाणी आमच्या रानातून जाणार हुबळी-धारवाडला, आम्हाला काय? यांना आकडे तोंडपाठ. भाच्याला सांगत होते. तो मोबाइलवर रस्ता बघत होता.
चोर्ला घाटात धुकं. सांखळीला पातळभाजी-पाव. गाडीवाल्यानं नंबरप्लेट बघून विचारलं, "कर्नाटकातले काय?" केए-२३. हे म्हणाले, "निपाणी." पुन्हा विचारलं. पुन्हा "निपाणी."
लॉजचा जिना अंधारा. यांनी कठडा धरला. मी पुढं झाले, मोठ्यानं पायऱ्या मोजत. "मी काय आंधळा आहे का?" म्हणाले. मग मनात मोजल्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. जुने गोवे
पणजी सोडली की रायबंदरपर्यंत रस्ता पाण्यातून सरळ जातो. १६३३-३४ सालचा बांध, लिन्यारिश नावाच्या व्हाइसरॉयच्या वेळचा. अजून बस-ट्रक त्यावरूनच.
जुन्या गोव्याची कल्पना मी वेगळी केली होती. शहर म्हणजे घरं, बाजार, गल्ल्या. इथं गल्ल्याच नाहीत. मोठमोठी चर्चेस, त्यांच्यामध्ये हिरवळ, हिरवळीवर फोटो काढणारी माणसं. गोवा पाहिलं त्याला लिस्बन बघायची गरज नाही, असं पोर्तुगीज म्हणायचे. ते शहर तापानं आणि पटकीनं खाल्लं. पाणी खराब, नदी गाळानं भरत चाललेली. १६९५ मध्ये व्हाइसरॉय पणेलीला गेला, १७५९ मध्ये पणजीला, १८४३ मध्ये राजधानीच पणजी झाली. लोक जाताना घरांचे दगडही घेऊन गेले. देवाची घरं तेवढी राहिली.
से कॅथेड्रल. १५६२ला सुरू, १६१९ला पुरं. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये पडला, तो पडलेलाच. त्यामुळे इमारत एका खांद्यानं वाकल्यासारखी दिसते. आत मोठी घंटा आहे, सोन्याची म्हणतात तिला.
बॉम जेझू. जांभा उघडा, गिलावा काढून टाकलेला. संत फ्रान्सिस झेवियर उंचावर, चांदीच्या पेटीत. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर गेला, दोन वर्षांनी देह इथं आणला. दर दहा वर्षांनी खाली उतरवतात. रांगेत एक बाई रडत होत्या. आपल्याकडं पंढरपूरला रडतात तशाच.
संग्रहालय बंद. शुक्रवारी बंदच असतं, पाटीवर लिहिलेलं. पाटी यांनीच लांबून वाचून दाखवली. आणि तिथून वळताना खाली बसलेल्या कुत्र्याला अडखळले.

दुपारी
आदिलशहाच्या वाड्याचा उरलेला दरवाजा. नुसती चौकट, काळ्या दगडाची, कोरीव. वाडा गेला. १५१० मध्ये आल्बुकर्कनं शहर घेतलं ते विजापूरकरांकडून. बेळगावच्या किल्ल्यातली साफा मशीद त्याच दरबारातल्या असदखान लारीची. आम्ही दोघंही त्या मशिदीवरून शेकडो वेळा गेलो असू. ह्या चौकटीपाशी यांनी दगडावर हात फिरवला. सावकाश, कडेकडेनं.
व्हाइसरॉयची कमान नदीकडे तोंड करून. वास्को द गामाच्या पणतूनं बांधली. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून हिच्याखालून शहरात शिरायचा. आता तिच्याखालून दिवाडीच्या फेरीबोटीला जातात. आज नाही, उद्या.

ऊन उतरल्यावर
संत ऑगस्टिनचा मनोरा. हे बघायला तरी या इकडं. ४६ मीटर उंच, एकटाच. मठ १८३५ मध्ये ओस पडला, १८४२ला छप्पर कोसळलं. खाली पडके चौथरे, थडग्यांच्या फरश्या. जॉर्जियाच्या केतेवान राणीची हाडं ह्या मठात होती. धर्म सोडायला तिनं नकार दिला म्हणून इराणात, शिराजला, १६२४ मध्ये तिला हाल करून मारलं. इथल्या पाद्र्यांनी अवशेष गोव्यात आणले. ते ढिगाऱ्यातून सापडले, हैदराबादच्या प्रयोगशाळेनं डीएनए तपासला आणि २०२१ मध्ये अवशेष जॉर्जियाला दिले. इराणात मेलेली राणी, गोव्यात पुरलेली, हैदराबादला ओळख पटलेली.
हे मान वर करून मनोरा बघत राहिले. वर बघायला काही अडचण नाही.

रात्र
पणजीत, मांडवीकाठी. दिव्यांच्या बोटी, गाणी. यांचं सुरू झालं. १६ जानेवारी १९६७ला गोव्यात मतदान झालं, महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं. गोवेकरांनी वेगळं ठरवलं. त्याच वर्षी सीमाप्रश्नावर महाजन आयोगाचा अहवाल आला आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवायला सांगितलं.
"यांना विचारलं तरी. आम्हाला कुणी विचारलं?"
हे मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. पण आज आवाज चढला नाही.
थेंब आठ वाजता.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दिवाडी
गाडीसकट फेरीबोटीत. पायी माणसाला पैसे नाहीत. शाळेची पोरं, मासळीची टोपली, दोन म्हातारे, एक स्कूटरवाला पदेर, पोयांची म्हणजे पावांची पिशवी मागे. पाणी मातकट हिरवं.
म्हातारा यांच्या शेजारी. नंबरप्लेट बघून, "बेळगांवचे?"
"निपाणी."
"तुमी आमची म्हादय व्हरतात न्हय?"
हे म्हणाले, "आम्ही कुठं नेतोय? सरकार नेतंय."
"खंयचें सरकार?"
"कर्नाटकाचं."
"म्हणजे तुमचेंच."
उत्तर आलं नाही. ज्या सरकारविरुद्ध जन्मभर मोर्चे काढले, त्याची वकिली ह्यांच्या गळ्यात. मला हसू आवरेना. म्हातारा पण हसला. कुंदा कुणासाठी घेतला होता ते तेव्हा कळलं. अर्धा डबा त्याला दिला.
बोटीची फळी उतरताना ओली. भाच्यानं डावीकडून हात धरला. हात झटकला नाही.

बेटावर खाजनं. खारं पाणी अडवायला बांध, बांधात मानशी, म्हणजे पाण्याची दारं. भात कापून झालेलं, बगळे. पियेदादच्या टेकडीवर चर्च. ह्या जागी पूर्वी देऊळ होतं म्हणतात. वरून पलीकडच्या काठावर जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात, मधे नदी. कदंब राजांचा देव इकडे, पोर्तुगीजांचं शहर तिकडे. बोटीनं जेमतेम काही मिनिटं.
घरं देखणी. शिंपल्यांची तावदानं, ओसरीवर बाकडी. निम्म्यांना कुलूप. मालक मुंबईत, लंडनमध्ये, आखातात.
दुकानात यांनी आपलं आडनाव सांगितलं. इथं कुणी आहे का? दुकानदारानं मान हलवली. शेजारच्या बाईला विचारलं. तिनंही.
मी म्हणलं, चारशे-साडेचारशे वर्षं झाली.
"विचारायला काय जातंय."

कोटीतीर्थ. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ इथं होतं. गोव्याच्या कदंबांचं दैवत. आधी बहामनी फौजेनं मोडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्यानं पुन्हा उभारलं, मग सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. तळी आहे. बाकी झाडोरा. लिंग विहिरीच्या रहाटाला लावलं होतं, मग रात्री लोकांनी पळवून नदीपार नेलं, अशी कथा. सासूबाईंच्या गोष्टीतली नदी हीच.
यांनी तळीच्या काठावरची माती कपाळाला लावली. मी बघितलं नाही असं केलं.

नार्वे, दुपार
दिवाडीच्या दुसऱ्या टोकाहून पुन्हा फेरीबोट. पलीकडे डिचोली तालुका. सप्तकोटेश्वराचं आताचं देऊळ खोलगटात, माडा-पोफळींत. लांबून देऊळ वाटत नाही, घुमट आहे. पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर देव आणून ठेवला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देऊळ बांधायला घेतलं. दारावर शिलालेख, शके १५९०चा. अलीकडे २०२३ मध्ये राज्य सरकारनं सगळं दुरुस्त केलं. चुना ताजा, पांढरा फेक.
यांनी शिलालेख अक्षर अक्षर लावून वाचला. भाच्याला अर्थ सांगितला. पुजाऱ्यांनी दिलेला नारळ डाव्या अंगानं पुढं आला तो मात्र यांना दिसलाच नाही. पुजारी हात पुढे करून थांबले. मी घेतला.
आत लिंग धारांचं. सात धातूंचं म्हणतात.
बाहेर दगडी दीपस्तंभ. सावलीत तिघंही बसलो. भाचा म्हणाला, "मामा, देव इथं, देऊळ तिथं, आपण निपाणीत. मग आपलं गाव कुठलं?"
"तंबाखूची वखार जिथं होती ते," मी म्हणलं. कारण यांनी तिथं जन्मभर हिशेब लिहिले.

१६ नोव्हेंबर, रविवार. चोडण
रायबंदरहून मोठी बोट. बेटाच्या पश्चिम टोकाला सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य. १९८८चं. पावणेदोन चौरस किलोमीटर, सगळी खारफुटी. चिखलातून मुळं बोटांसारखी वर आलेली. निवटे चिखलावर उड्या मारत होते. मासा असून पायानं चालल्यासारखा.
तिवरांखाली फुटवाट. मी पुढं, भाचा मागं, हे मधे. ठरवून नाही, तसंच झालं.
खंड्या डावीकडून आला, निळा झर्रकन. भाचा ओरडला. यांना दिसला नाही. पुढं फांदीवर समोर बसला तेव्हा दिसला. बराच वेळ बघितला. "चोच केवढी आहे बघ," म्हणाले. एवढ्या लांबून मला चोच दिसत नव्हती.
समोरचं एवढं लख्ख दिसतं आणि कडेचं नाही. आत्ता कुठं कळतंय मला, ३ तारखेला बटण का वाजत नव्हतं.

रात्र
झोप नाही. घरातली टेबलं कडेला सरकवावी लागतील. मोरीच्या उंबऱ्याला रंग. विहिरीवर जाळी.

१७ नोव्हेंबर, सोमवार. निपाणी
परत येताना फोंडा, मोले, अनमोड घाट. मोल्याला रस्त्याकडेच्या गाड्यावर भाजी बघितली. कोबी, गाजर, मिरची. कुठली? "बेळगांवची." पाण्यावरून भांडण, भाजी चालते.
खानापूरहून वाट वाकडी करून हलशी. हे भाच्याला दाखवायचं म्हणाले. भूवराह नरसिंहाचं देऊळ, बाराव्या शतकातलं. दोन गाभारे समोरासमोर, एकात नरसिंह, एकात वराह. मधे उभं राहिलं की दोन्हीकडून देव बघतात. गोवेकर कदंबांची ही दुसरी राजधानी. आपल्या बिरुदात ते दिवाडीच्या सप्तकोटेश्वराचं नाव लावायचे. आज हलशीहून दिवाडीला जायचं तर राज्य बदलतं.
शिलालेख कानडी लिपीत. भाच्यानं विचारलं, "मग हे राजे कानडी की मराठी?"
मला वाटलं, आता तास गेला. हे म्हणाले, "भूक लागली."
नंदगडला झुणका-भाकरी मिळाली. घरी पोचायला रात्र. थेंब पाऊण तास उशिरा.

१९ नोव्हेंबर
काळ्या दिवसाची फेरी काढणाऱ्या समितीतले दोघे घरी. तालुक्याच्या बैठकीला चला म्हणाले. हे म्हणाले, दुपारची असेल तर येतो, संध्याकाळची नको. का, ते सांगितलं नाही. मग त्यांना फादर स्टीफन्सची गोष्ट सांगत बसले. इंग्रज पाद्री, १५७९ मध्ये गोव्यात आला, मराठी शिकला, 'क्रिस्तपुराण' लिहिलं, १६१६ मध्ये छापून आलं. अकरा हजारांच्या घरात ओव्या. "त्याला कुणी सांगितलं नव्हतं मराठी लिहायला. आपली पोरं सांगून लिहीत नाहीत."
पाहुण्यांचा चहा मी त्यांच्या अगदी समोर ठेवला. सांडला नाही.

२१ नोव्हेंबर
मोरीच्या उंबऱ्याला पिवळा रंग लावला. रंगाऱ्यानं विचारलं, हळदीकुंकू आहे का? हो म्हणलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार. बेळगाव
दाब उजवीकडे १८, डावीकडे १७. थेंब लागू पडले. यंत्रावर पुन्हा तीन महिन्यांनी. थेंब आयुष्यभर, एक दिवस चुकवायचे नाहीत. गाडी चालवायची नाही, हे डॉक्टरांनी यांना तोंडावर सांगितलं.
"नाहीच चालवत," हे म्हणाले.
रक्ताच्या नात्यात सगळ्यांनी तपासून घ्यावं, असंही सांगितलं.

२५ नोव्हेंबर
सकाळपासून फोन. इचलकरंजीच्या भाऊजींना, मिरजेच्या वन्संना, मग भाच्याला. तेच वाक्य प्रत्येकाला, मी स्वयंपाकघरातून ऐकते आहे. "काचबिंदू म्हणतात त्याला. मला झालाय. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तर सांगतोय. ह्या आठवड्यात डोळ्यांचा दाब मोजून घ्या."
भाऊजी शुक्रवारी जाणार आहेत. भाच्यानं शनिवारची वेळ घेतली.